भेंडीखालची कोरडी जागा

आमच्या कंपनीत कोण कुठून आलंय हे जगाला सांगायची काही गरज नाही, असं मी ऋतुराज सरांना तोंडावर सांगितलं होतं. पण नवी वेबसाइट करायची टूम निघाली. तिच्यावर प्रत्येकाचा फोटो हवा आणि खाली त्याची ‘व्यावसायिक पार्श्वभूमी’ हवी असं ठरलं. ऑफिसात लिहिण्याचं कुठलंही काम निघालं की फिरून फिरून माझ्याच गळ्यात पडतं. मी सोनल. मानपाडा रोडवरच्या या ऑफिसात टेंडरच्या कागदांपासून चहाच्या दुधापर्यंत सगळं मी बघते.

आमचं काम लोकांना चटकन कळत नाही, म्हणून सांगते. खाडीकाठची किंवा तळ्याकाठची जमीन कुणाला घ्यायची असली की ते आम्हाला बोलावतात. त्या जमिनीत पाणथळ कुठवर आणि कोरडी कुठून, ही रेघ आम्ही काढून देतो. रेघेपलीकडे, पाण्याच्या बाजूला, कुणाला वीट लावता येत नाही. रेघेच्या अलीकडे टॉवर उभे राहतात. त्यामुळे रेघ चार हात इकडे की चार हात तिकडे, यावर माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, आणि फोन मात्र मला येतात.

पार्श्वभूमी म्हणाल तर आमच्याकडे सगळा बारा गावचा बाजार आहे. ऋतुराज सर पूल बांधायचं शिकले आणि चिखलात उतरले. झाडं ओळखणारी मृणाल आधी ज्युनिअर कॉलेजात कंत्राटी शिक्षिका होती. गाडी चालवणारा रघु लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, आणि मी त्याच लग्नांची हॉलवर बुकिंगं घ्यायचे. वधूपिता ओरडतो त्याच्या निम्म्यानंही बिल्डर ओरडत नाही, त्यामुळे मला ही नोकरी सुखाची वाटते. हे सगळं मी ‘विविध क्षेत्रांतील समृद्ध अनुभव’ अशा भाषेत बसवलं.

राहिले चांगदेव केणे. माती बघायचं काम त्यांचं. आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे, अंगानं सडपातळ, आणि डब्यात रोज सुक्या मासळीचं काहीतरी. मी नाक मुरडायचे आणि तरी त्यातलं अर्धं मीच खायचे. त्यांची बायको मंजुळा मग डब्यात माझ्या नावाचं जास्तीचं घालायला लागली. राहायला ते टिटवाळ्याला, मुलगा सुशांत नोकरीला पुण्यात. मृणालशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. तिनं उन्हात टोपी घातली नाही तर गाडी थांबवून घालायला लावायचे. मला कधी कुणी टोपी घाल म्हटलं नाही, म्हणून मी त्यांना चिडवायचे.

मी त्यांना समोर बसवून विचारलं. शेतकीची पदविका, मग खताच्या कंपनीत विक्रीचं काम. कल्याणहून मोटरसायकलवर मुरबाड, शहापूर, पार माळशेजच्या पायथ्यापर्यंत दुकानं फिरायची. कमिशन चांगलं, बढती समोर दिसत होती.

“मग सोडली का?” मी विचारलं.

“घरची कारणं.”

“वेबसाइटवर घरची कारणं लिहीत नाहीत काका. ‘मातीविषयीच्या ओढीनं’ असं लिहू का?”

“लिवा,” ते म्हणाले. “खोटं नाय ते.”

फोटो राहिला होता. प्रत्येकाचा काम करताना फोटो हवा, असं सरांचं म्हणणं. चांगदेवांचा एकही नव्हता, कारण ते कॅमेरा दिसला की पाठ फिरवत. त्याच आठवड्यात कल्याणच्या पुढे खाडीकाठची एक मोठी जमीन तपासायला आली. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथं आता बरंच काही झालं आहे. ते चांगदेवांचं गाव. सरांनी पद्धतीप्रमाणे विचारलं, तुमची तिथं जमीन आहे का, कुणा नातेवाइकाची?

“माझ्या नावावर तिथं काय नाय,” चांगदेव म्हणाले.

मी कॅमेरा घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. रघु गाडी चालवत होता आणि शिट्टीवर लग्नातली गाणी वाजवत होता. चांगदेव एरवी त्याला फर्माईश करतात. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत बसले.

जमीन म्हणजे जुनं खाजण. एका अंगाला खाडी आणि तिवरांची झुडपं, मग गुडघाभर गवताचा सपाट पट्टा, आणि त्याच्या कडेनं पूर्वी भरतीचं पाणी अडवायला घातलेला मातीचा बांध. बांधावर एकच मोठं भेंडीचं झाड, भाजीची नव्हे, खाडीकाठी वाढते ती भेंडी, पिवळ्या फुलांनी भरलेलं. बांधाच्या मागे कधीकाळची भातशेती, आता नुसतं रान आणि लांबवर टॉवर.

काम असं चालतं. पाण्यापासून सुरुवात करायची आणि ठरावीक अंतरावर लांब दांड्याचं गिरमिट जमिनीत फिरवत न्यायचं. वर आलेली माती हातात घेऊन बघायची. वर्षातले महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिलेली माती राखाडी पडते आणि तिच्यात गंजासारखे ठिपके दिसतात. कोरडी माती तांबूस राहते. राखाडी संपून तांबूस लागली की तिथं रेघ. आमच्या सगळ्यांना आता हे ओळखता येतं, मलासुद्धा.

तिवरांपाशी राखाडी लागली. पुढे राखाडी, त्यापुढेही राखाडी. मी फोटो काढत होते आणि ते पाठ फिरवत नव्हते, याचं मला नवल वाटलं. बांध जवळ आला तसे ते हळू चालायला लागले. भेंडीपासून थोडं अलीकडे थांबून त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात खुपसले आणि अनवाणी बांधावर चढले. झाडाखाली खाली बघत नुसते उभे राहिले. वर पिवळी फुलं, मागे खाडी, आणि मध्ये हा अनवाणी माणूस. मला फोटो छान वाटला, मी काढला.

मग त्यांनी गिरमिट झाडापासून लांब, बांधाच्या दुसऱ्या टोकाला लावलं. माती वर आली ती तांबूस, मुरमाची, विटेचे बारके तुकडे असलेली. त्यांनी ती बोटांनी कुस्करली, बाटलीतलं पाणी घालून मळली आणि टाकून दिली. थोडं सरकून पुन्हा गिरमिट घातलं. पुन्हा मुरूम. मग बांधाच्या उतारावर, मग आणखी खाली. दर वेळी हातभर खोल गेल्यावर ते थांबायचे, आणि मग अजून खोल न्यायचे, अगदी दांडा संपेपर्यंत. सदरा पाठीला चिकटला होता.

माझा पारा चढला. मार्चचं ऊन, सावली एकाच झाडाची, आणि तिकडे जायचं तर ते म्हणत होते, तिथं नका उभ्या राहू. “काका, मातीला आता तरी सोडा. कोरडीय ती. मला पण दिसतंय.”

“अजून एकदा बघतो.”

“तुम्हाला हवी तशी निघेपर्यंत खणत बसणार का?”

त्यावर ते थांबले. गिरमिट जमिनीत तसंच उभं ठेवून बांधाच्या उतारावर बसले. रघु चहा आणायला गाडी घेऊन गेलेला. मी तिथंच उभी राहिले.

“मॅडम, तिथं झाडाखाली माझी पोर हाय,” ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. एरवी ते एका वाक्यात काम भागवणारे, पण त्या दिवशी सांगत राहिले.

मुलीचं नाव संचिता. अजून दात यायचे होते. चांगदेव खताच्या कंपनीच्या फेरीवर मुरबाडच्या बाजूला होते, आणि मागे मुलीला ताप भरला. तेव्हा गावात ना दवाखाना, ना खिशात मोबाइल. मंजुळा तिला घेऊन कल्याणला गेली, पण उशीर झाला होता. ते घरी पोचले तेव्हा दारात माणसं बसलेली. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. बायका जात नाहीत, घरातल्या दोघातिघांनी जायचं. चांगदेव आणि त्यांचे वडील दगडूबाबा तिला घेऊन खाडीवर आले.

“गावची लेकरं सगळी तिकडं ठेवायचे,” त्यांनी तिवरांकडे हात केला. “बाबा म्हनाले, तिकडंच ठेव, सगळी तिथंच हायत, तिला सोबत होईल. मी म्हटलं, नाय. तिथं चिखल. भरती आली की पानी चढतं. तापानं गेलेली पोर, तिला पान्यात कशी ठेवू? मी बाबांशी भांडलो. तिला कडेवर घेऊन भांडलो. ह्या बांधावर तेव्हा नवा मुरूम टाकलेला. गावातली सगळ्यात उंच, सगळ्यात कोरडी जागा ही. मी मुद्दाम निवडली.”

घरी गेल्यावर मंजुळेनं एवढंच विचारलं होतं, तिथं ओल नाही ना? चांगदेव म्हणाले, नाही, कोरडी जागा आहे. त्यानंतर दर पावसाळ्यात पाऊस धरून बसला की ती विचारायची आणि ते तेच उत्तर द्यायचे. फिरतीची नोकरी त्यांनी त्याच वर्षी सोडली. संध्याकाळी घरी पोचता येईल असं काम हवं होतं. मातीच्या प्रयोगशाळेत मिळालं, तिथून पुढे आमच्याकडे. माझ्या ‘मातीविषयीच्या ओढीनं’ला ते खोटं नाही का म्हणाले, हे मला तेव्हा कळलं. मला माझ्या त्या वाक्याचा राग आला.

आता प्रश्न काय होता ते माझ्याही डोक्यात शिरलं. बांध पाणथळ निघाला असता तर रेघ त्याच्या मागे गेली असती, आणि झाडाला कुणी हात लावू शकलं नसतं. बांध कोरडा म्हणजे रेघ त्याच्या पुढे. म्हणजे झाड, बांध, सगळं विक्रीला. मग तिथं यंत्रं येणार आणि पाया खोदणार.

“बाबांचं ऐकलं असतं तर राहिली असती ती,” चांगदेव म्हणाले. “तिवरांतल्या सगळ्या पोरांना आता कायदा राखतो. माझीच तेवढी उघड्यावर पडली. बापाला अक्कल फार.”

मला गलबलून आलं. मला गलबललं की मी रागावते, तशी रागावले. “मग लिहा ना पाणथळ. तिकडची राखाडी माती या पिशवीत घाला. मी फोटो काढते, मी सही करते हवं तर. कोण येतंय बघायला?”

“माझ्या मनात आलेलं. गाडीत बसल्यापासून तेच चाललंय.” त्यांनी हातातली माती झटकली. “म्हनून तर एवढं खनलं. वाटलं, एखाद्या जागी तरी राखाडी लागेल, म्हंजे खोटं करायला नको.”

“आता करा. एक खोटं केलं तर खाडी आटत नाही.”

“मॅडम, पानथळ लिवायचं म्हंजे काय लिवायचं? की ही जागा वर्षातले महिने पान्याखाली असते. माझ्या हातानं लिवायचं, माझ्या सहीनं. इतकी वर्षं घरी सांगत आलो, कोरडी हाय, कोरडी हाय. खरंच हाय का, हे मना पन आजच कळलं. मी हिथं कधी गिरमिट लावलं नव्हतं. लावायची छाती नव्हती. दर पावसाळ्यात तिला सांगायचो आनि मनात भ्यायचो. आज बगितलं. पार खालपर्यंत कोरडी हाय. पोर माझी भिजली नाय.”

ते रडत होते आणि बरंही वाटत असावं त्यांना. दोन्ही एकाच वेळी होतं हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

“आनि आता मीच लिवू, की ती पान्यात होती?”

उकरून दुसरीकडे न्यायचं का, असं मी चाचरत विचारलं. ते म्हणाले, इतक्या कोवळ्या जिवाचं एवढ्या वर्षांनी काय उरतं, ते मातीचं काम करणाऱ्याला विचारू नका. जे आहे ते सगळं मातीच आहे, आणि ती बांधभर आहे.

रघु चहा घेऊन आला. चांगदेवांनी चहा घेतला, बूट चढवले, आणि बांधाच्या पायथ्याशी, खाडीच्या अंगाला, रेघेच्या खुणेची काठी ठोकली. भेंडीचं झाड रेघेच्या अलीकडे राहिलं. ऑफिसात येऊन त्यांनी अहवाल लिहिला आणि मी तो टाइप केला. मला तसा अहवाल टाइप करायला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

वेबसाइटसाठी मी तो भेंडीखालचा फोटो दिला. सर म्हणाले, फोटो सुंदर आहे, पण पायात बूट नाहीत, सेफ्टीच्या दृष्टीनं चालणार नाही. मग दुसरा लावला, गिरमिट हातात घेतलेला. पहिला चांगदेवांनी माझ्याकडे मागितला. मी त्याची मोठी प्रत काढून काचेत बसवून दिली.

जमीन विकली गेली. दिवाळीनंतर तिथं पत्रे लागले. चांगदेवांनी त्या बाजूचं काम घेणं सोडलं आणि आम्हीही कुणी काही विचारलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्या साइटवरून मला फोन आला. पायाच्या खड्ड्यात पाणी भरतंय, पंप लावले तरी हटत नाही, तुम्ही तर जागा कोरडी लिहिलीत, माणूस पाठवा. मी परस्पर सरांना सांगणार होते, पण चांगदेव समोरच बसलेले. त्यांनी ऐकलं.

“बांध कोरडा होता कारन बांध उंच होता,” ते म्हणाले. “तो काढला आनि खाली खोदलं. खाली खाडी ती खाडीच. पानी येनारच.”

ते स्वतः जाऊन आले. सर दुसऱ्या कुणाला पाठवतो म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. परत आल्यावर मी विचारलं, झाड? त्यांनी मान हलवली. भेंडी होती तिथंच खड्डा सर्वांत खोल, आणि पाणी काठापर्यंत. घरी काही बोलू नका, एवढं म्हणून ते हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

श्रावणात मी टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला गेले. मंजुळाकाकूंनी कधीपासून बोलावलं होतं, म्हणून दर्शन झाल्यावर घरी गेले. इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, पण त्यांना बघितलं त्याच दिवशी. बारीक अंगाच्या, हसऱ्या. श्रावण असल्यामुळे मासळी नव्हती, त्याबद्दल त्यांनी दोनदा माफी मागितली. चांगदेव दुकानातून पेढे आणायला खाली गेले होते. पाऊस सकाळपासून धरून होता, आणि बोलताना काकूंची नजर सारखी खिडकीकडे जात होती.

भिंतीवर तो फोटो होता. काकूंनी तो खिळ्यावरून काढला आणि पदरानं काच पुसून माझ्या हातात दिला.

“मी ही जागा कंदी बगितली नव्हती,” त्या म्हणाल्या. “बायका जात नाय ना. हे सांगायचे, झाड हाय, फुलं पडतात. मना वाटायचं, माज्या समाधानासाठी बोलतात. तुमच्यामुलं बगायला मिलालं.” त्यांनी भेंडीच्या बुंध्यापाशी बोट ठेवलं. “तुमी तिकरं गेलेल्या ना त्यांच्याबरोबर?”

“हो, गेलेले.”

“मंग तुमी खरं सांगा. ते बाप हायत, ते मना बरं वाटेल तेच सांगनार.” त्यांनी फोटो माझ्या हातातून हळूच परत घेतला आणि छातीशी धरला. बाहेर पावसाची सर जोरात आली होती. “एवढ्या पावसात ओल नाय ना शिरत तिथं?”

जिन्यावर चांगदेवांची पावलं वाजत होती.

“नाही काकू,” मी म्हटलं. “मी स्वतः हात लावून बघितलीय माती. पार खालपर्यंत कोरडी आहे.”